मायलेकींचं दुखणं

मदन महल, जबलपूर
९ जुलै २०१७

चि. कुंदा हिस,
गुणवंतचे आशीर्वाद.

आठ वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट न फोडता ठेवून दिलंस तरी मी वाईट मानणार नाही. इंदिराच्या तेराव्याला तू जे बोलून गेलीस, त्यानंतर आपण एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. मी ते आज उकरून काढत नाही. काम विनताचं आहे म्हणून लिहितो. फोन करायला दोनदा नंबर लावला आणि ठेवून दिला. ही गोष्ट मेहुणीशी बोलायला माझ्या तोंडून निघत नाही. कागदावर निघते काय पाहतो.

तुझी भाची आता चोवीसची झाली. वकिली पास केली, न्यायाधीशाच्या परीक्षेची तयारी करून राहिली. पहिली पायरी निघाली, मुख्य परीक्षा नोव्हेंबरात आहे. डोकं इंदिराचं आहे. पण महिन्यातले चार-पाच दिवस ती माणसांत नसते. पोटाशी उशी धरून मुटकुळं करून पडते. ओकते. मागल्या महिन्यात कोचिंगच्या जिन्यात चक्कर येऊन पडली, मैत्रिणींनी ऑटोत घालून घरी आणलं.

तीन डॉक्टर झाले. एक म्हणाला गॅस. दुसरा म्हणाला अपेंडिक्स, मग म्हणाला तेही नाही. तिसऱ्यानं सोनोग्राफी केली, काही निघालं नाही, तर मला बाजूला घेऊन म्हणाला, "अंकल, टेन्शन है. शादी कर दीजिए, सब ठीक हो जाएगा." शेजारच्या बेबीताईंचंही तेच म्हणणं. शिवनीचं एक स्थळ आलेलं आहे, मुलगा बँकेत आहे. दिवाळीनंतर पाहायला येतो म्हणतात. हो म्हणून टाकू काय?

तू तीस वर्षं नागपूरला पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काढलीस. मी लेथवरचा टर्नर माणूस. लोखंडातला दोष मला कळतो, माणसाच्या पोटातला कळत नाही. बायकांचं त्या दिवसांत दुखते हे मला माहीत आहे. पण एवढं दुखते काय?

तुझा,
गुणवंत गावंडे

---

नागपूर
१७ जुलै २०१७

ती. भाऊजी,
सा. नमस्कार.

पाकीट फोडलं. विनतासाठी फोडलं.

खालच्या गोष्टी तिला विचारा आणि मला कळवा. दुखणं पाळीच्या आधी सुरू होतं की पाळीबरोबर? संडासला बसताना, लघवी करताना त्या दिवसांत कळ येते का? कंबर, मांड्या दुखतात का? कितव्या वर्षापासून? महिन्यात किती दिवस तिची कामं बुडतात? बाकीच्या दिवसांत अंगात त्राण असतं का?

तुम्हाला विचारणं जमत नसेल तर तिलाच मला लिहायला सांगा. पण मला वाटतं तुम्ही विचारावं.

शिवनीच्या लोकांना आत्ता काहीही सांगू नका. लग्न हे औषध नाही.

आणि एक. इंदिराताईला त्या दिवसांत काय काय व्हायचं, ते आठवून लिहा.

कुंदा

---

जबलपूर
३० जुलै २०१७

चि. कुंदा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र आठ दिवस शर्टाच्या खिशात घेऊन फिरलो. तोंडानं विचारणं नाहीच जमलं. शेवटी तुझे प्रश्न एका कागदावर उतरवले, तो तिच्या चहाच्या कपाखाली ठेवला आणि मी अंगणात जाऊन कुंड्यांना पाणी घालत बसलो. त्या कुंड्यांना सकाळीच पाणी घातलेलं होतं.

अर्ध्या तासानं ती बाहेर आली. मला वाटलं रागावली. तिनं कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बाबा, पहिल्यांदा कोणी बराबर सवाल विचारला." मग रडायला लागली. मी पाण्याचा मग हातात घेऊन उभाच.

तिची उत्तरं अशी. दुखणं दोन दिवस आधी सुरू होते. संडासला बसली की चाकू फिरवल्यासारखी कळ येते, त्या भीतीनं ती दोन दिवस जेवतच नाही. मला वाटे उपास करते. कंबर, मांड्या, दोन्ही. तेराव्या वर्षापासून आहे, सतराव्यापासून जास्त. महिन्यातले सहा-सात दिवस जातात. बाकीच्या दिवसांतही थकलेली असते. मी तिला आळशी म्हणत होतो.

इंदिराचं विचारलंस. तिचंही दुखायचं, पण ती काही पडून राहत नव्हती, सगळं काम करायची. त्या दिवसांत चिडकी व्हायची जरा. तिच्या बालवाडीच्या नोकरीत सुट्ट्या फार होत म्हणून तिनं नोकरी सोडली, पण ते तर विनता लहान होती म्हणून. बाकी विशेष काही आठवत नाही.

तुझा,
गुणवंत

---

नागपूर
८ ऑगस्ट २०१७

ती. भाऊजी,
सा. न.

बरं केलंत विचारलंत.

मी डॉक्टर नाही, पण मला जे वाटतं त्याला नाव आहे. एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतलं अस्तर दर महिन्याला तयार होतं आणि पाळीत गळून जातं. तशाच प्रकारचं अस्तर काही बायकांच्या पोटात गर्भाशयाच्या बाहेर रुजतं. अंडाशयावर, आतड्यावर, कुठंही. तेही दर महिन्याला सुजतं, त्यातूनही रक्त येतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. म्हणून दुखतं. साध्या सोनोग्राफीत ते पुष्कळदा दिसत नाही, म्हणून काही नाही असं म्हणता येत नाही.

तुम्हाला तुमच्या भाषेत सांगते. लेथखाली लोखंडाचा कीस पडतो, तो झाडायला माणूस असतो ना? पाळीच्या रक्तातलं थोडं बहुतेक बायकांच्या पोटात उलटं जातं. ते झाडून टाकायला शरीरात पेशी असतात. मॅक्रोफेज म्हणतात त्यांना, मी हजारो पाहिल्यात सूक्ष्मदर्शकाखाली, कचरा गिळून फुगलेल्या. दुसऱ्या काही पेशी भलत्या जागी आलेल्याला मारून टाकतात. या आजारात मारणाऱ्या पेशी मंदावतात, आणि झाडणाऱ्या झाडायचं सोडून त्या अस्तरालाच पोसायला लागतात. त्याला नव्या रक्तवाहिन्या फुटतात, नवे मज्जातंतू फुटतात. मग दुखणं कसं कमी होईल? हे कोणाच्या मनाचे खेळ नाहीत. काचेवर दिसतं.

ताणाचाही यात संबंध आहे. ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल, अॅड्रेनलिन असली संप्रेरकं सुटतात आणि ती या पेशींच्या कामात ढवळाढवळ करतात. पण त्याबद्दल पुढं लिहीन.

तुमच्या तिथं जबलपुरात नेपियर टाउनला एक डॉक्टर आहेत, आमच्या इथून शिकून गेलेल्या, याच आजाराचं काम करतात. पत्ता सोबत आहे. विनताला घेऊन जा. तिच्याबरोबर आत जाऊन बसा, बाहेर बाकावर नको.

कुंदा

---

जबलपूर
३ सप्टेंबर २०१७

चि. कुंदा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. कीस झाडण्याचं एकदम समजलं. काहून पन्नास वर्षांत कोणी असं समजावून सांगितलं नाही?

डॉक्टरीणबाईंची तारीख वीस सप्टेंबरची मिळाली, फार गर्दी असते तिथं. तोपर्यंत मी हातावर हात ठेवून बसलो नाही. तू लिहिलंस की टेन्शनचं संप्रेरक त्या पेशींना बिघडवते. म्हणजे टेन्शन काढलं की पेशी आपल्या कामाला लागतील. मग मी टेन्शनच काढून टाकलं. विनताची कायद्याची सगळी पुस्तकं लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली माझ्याजवळ. कोचिंगवाल्याला जाऊन सांगितलं की मुलगी या वर्षी परीक्षेला बसत नाही. घरात बातम्या बंद. रोज संध्याकाळी तिला घेऊन फिरायला निघतो. मागल्या रविवारी भेडाघाटला नेलं, धबधबा दाखवला.

एवढं करूनही पोरगी खूश नाही. तिथं माझ्याकडे पाठ करून बसली होती. चार दिवस झाले माझ्याशी धड बोलत नाही, हो-नाही एवढंच. जेवणही अर्धं. यावेळचं दुखणं तर आधीपेक्षाही जास्त झालं. मला वाटते संप्रेरक उतरायला वेळ लागत असेल. किती दिवस लागतात ते कळव.

तुझा,
गुणवंत

---

नागपूर
८ सप्टेंबर २०१७

भाऊजी,

हे पत्र मिळाल्याबरोबर कपाट उघडा. नंतर पुढचं वाचा.

उघडलंत?

चूक माझी की मी ते अर्धवट लिहिलं. ताणामुळं हा आजार होत नाही. प्रयोगात उंदरांना ताण दिला तर त्यांच्या पोटातल्या गाठी वाढल्या, असं दिसलंय. माणसात नक्की किती, हे अजून शोधणाऱ्यांनाही पुरतं ठाऊक नाही. पण एवढं ठाऊक आहे की वर्षानुवर्षं दुखत राहिलं, की ते दुखणंच सगळ्यात मोठा ताण होतं. सकाळी चढायचं, रात्री उतरायचं ते कॉर्टिसॉल आपली वेळच विसरतं. मग पेशी बिघडतात, दुखणं वाढतं, पुन्हा ताण. हे चक्र तिच्या पुस्तकांनी सुरू केलेलं नाही. कोणी विश्वास न ठेवल्यानं मात्र ते नक्की वाढतं. तेरा वर्षांची असल्यापासून ती ऐकतेय, गॅस आहे, टेन्शन आहे, आळस आहे. आणि आता तिच्या हातात एकच गोष्ट स्वतःची होती, तीही तुम्ही कुलपात घातलीत.

तुम्ही लिहिलंत, इंदिराताईचं विशेष काही आठवत नाही. मला आठवतं. शहाण्णवच्या मे महिन्यात मी तुमच्याकडे आले होते. बाहेर तुमचे फॅक्टरीतले पाच मित्र बसलेले. ताई स्वयंपाकघरात खाली फरशीवर आडवी होती, गाल फरशीला लावून, कारण फरशी गार होती. तिला बोलता येत नव्हतं. बाहेरून तुमचा आवाज आला, "इंदिरा, चहा कुठं अडला?" ती ओट्याला धरून उठली. सहा कप चहा केला. कप नेऊन दिले. मी तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही मित्रांना हसून म्हणालात, "हिची महिन्याची नाटकं असतात."

तिला तेच होतं, भाऊजी. विनताला जे आहे, तेच. मला खात्री आहे. आईला असलं तर मुलीला होण्याचा संभव जास्त असतो. लग्नानंतर पाच वर्षं तिला मूल राहिलं नाही, आणि तुमच्या आईनं तिला काय काय ऐकवलं, ते आठवतं का?

ताई गेली डेंग्यूनं. पण जगली ती या दुखण्यात.

कुंदा

---

मदन महल, जबलपूर
२४ सप्टेंबर २०१७

प्रिय मावशी,

मी विनता. मराठी बोलता येते पण लिहायची आदत नाही, मात्रा चुकतील. बाबांना न सांगता लिहून राहिली.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी घरीच होती. बाबांनी उभ्याउभ्याच वाचायला सुरू केलं. मग एकदम आत गेले, कपाट उघडलं आणि पुस्तकं काढून माझ्या पलंगावर ठेवायला लागले. एक-एक करून, जसं काही काचेचं सामान आहे. मी पूछलं काय झालं, तर पुढचं पुस्तक काढायला वळले. मग बाकीचं पत्र वाचलं. वाचून चप्पल घालून बाहेर निघून गेले. दुपारची धूप होती. मदन महल किल्ल्याच्या पहाडीवर गेले होते, तीन तास आले नाहीत. परत आले तर चेहरा लाल, आणि दरवाज्यातच मला म्हणाले, "तुझी आई फरशीवर झोपायची काय?"

मी म्हटलं, हो बाबा. हमेशा. मला वाटायचं सगळ्यांच्या आया झोपतात.

ते तिथंच पायरीवर बसले. म्हणाले, "माझं चुकलं. तुझ्याबद्दल पण आणि तिच्याबद्दल पण." बस एवढंच. दुसऱ्या दिवशी स्वतः कोचिंगला जाऊन सरांची माफी मागून आले.

वीस तारखेला डॉक्टरकडे गेलो. बाबा आत बसले. डॉक्टर काही पूछतील तर मान खाली घालत, पण उठले नाहीत. डॉक्टरांनी दुसरी, जरा खास सोनोग्राफी केली. डाव्या अंडाशयात चार सेंटीमीटरची गाठ आहे, जुन्या रक्तानं भरलेली, तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. नाव इतकं गोड काहून ठेवलं? आतडंही चिकटलेलं असेल, असं त्यांना वाटते. दुर्बिणीचं ऑपरेशन करू म्हणतात. बाबांना वाटते उद्याच व्हावं. मला परीक्षेनंतर पाहिजे.

आता जे बाबांना माहीत नाही ते. मी दुखण्याच्या गोळ्या दिवसाच्या पाच-सहा घेते. डॉक्टरांना दोन सांगितल्या. पोटात जळते खूप. पण गोळी नाही घेतली तर वाचता येत नाही, आणि मला ही परीक्षा द्यायची आहे, मावशी. या बिमारीनं माझं सगळं घेतलं, ही एक तारीख मी तिला देणार नाही.

आणि एक पूछायचं होतं. मी अभ्यासाचं एवढं टेन्शन घेतलं म्हणून गाठ झाली काय? सच सांग.

तुझी,
विनता

---

नागपूर
२ ऑक्टोबर २०१७

प्रिय विनता,

सच सांगते. नाही. तू काही केलं नाहीस. तेराव्या वर्षी तू कोणत्या कायद्याचा अभ्यास करत होतीस?

उद्याच्या उद्या डॉक्टरांना फोन करून गोळ्यांचा खरा आकडा सांग. इतक्या गोळ्यांनी पोटात व्रण होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. वकील बाई, आपल्याच डॉक्टरला खोटी साक्ष देऊन कसं चालेल? त्यांना स्पष्ट विचार, नोव्हेंबरपर्यंत कसं काढू. पाळी थांबवून ठेवणाऱ्या संप्रेरकांच्या गोळ्या असतात, त्यांनी बऱ्याच जणींना आराम पडतो. चार सेंटीमीटरची गाठ त्यांच्या देखरेखीखाली दोन महिने थांबेल की नाही, हे त्या ठरवतील. त्या थांबेल म्हणाल्या, तर परीक्षा दे. मी तुझ्या बाबांना तसं लिहीन.

आता माझी एक गोष्ट. बाबांना सांगू नकोस, मीच सांगेन.

फरशीवरची गोष्ट मी त्यांना लिहिली ती अर्धी होती. त्या दुपारी मित्र गेल्यावर ताईनं मला विचारलं, "कुंदा, तू लॅबमध्ये आहेस, हे माझं काय असेल गं?" तू तीन वर्षांची होतीस, दारात बसून पोळीचा तुकडा खात होतीस. मी म्हटलं, "ताई, मूल झाल्यावर हे कमी होतं, तुला तर झालंय. तू मनावर फार घेतेस." पुन्हा तिनं मला कधीच विचारलं नाही.

पुढल्याच आठवड्यात एका बाईच्या अंडाशयाची काच माझ्याकडे आली. भलत्या जागचं अस्तर, भोवती गंजाच्या रंगाचे कण गिळून बसलेल्या पेशी. मी पाहिलं, वहीत नाव लिहिलं, काच पेटीत ठेवली. मला ताईची आठवणसुद्धा आली नाही. अनोळखी बाईच्या पेशी मी ओळखत होते आणि बहिणीचं ऐकत नव्हते.

ते आठवलं ती गेल्यावर. आणि तेराव्याला मी सगळं तुझ्या बाबांच्या डोक्यावर ओतून मोकळी झाले.

ऑपरेशनला मी येते. तारीख कळव.

तुझी,
कुंदामावशी

---

जबलपूर
१९ जानेवारी २०१८

चि. कुंदा हिस आशीर्वाद.

तू गेल्यापासून घर सुनं वाटते. पंधरा दिवस राहिलीस, परीक्षेनंतरच्या ऑपरेशनची वेळ निभावून नेलीस, नाहीतर मी एकटा काय करणार होतो. विनता आता जिना चढून गच्चीवर जाते. टाके भरले. पेनकिलरचा खरा आकडा तिनं परीक्षेआधीच डॉक्टरीणबाईंना आणि मला सांगितला होता; आता त्यांनी पाळी थांबवायची गोळी तेवढी चालू ठेवायला सांगितली आहे. हे पुन्हा उगवू शकते, लक्ष ठेवावं लागेल, असं त्यांनी साफ सांगितलं. पण विनता काल दोन पोळ्या आणि भात जेवली आणि वर म्हणाली, "बाबा, अजून भाजी आहे काय?" मी कढईच घेऊन आलो.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. ऑपरेशनच्या दिवशी तू खाली औषधं आणायला गेलीस, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावून पडद्यावर चित्र दाखवलं. जिथं आतडं मोकळं हलायला पाहिजे, तिथं ते गर्भाशयाला चिकटून बसलेलं. काळेनिळे डाग. मी पाहतच राहिलो. फॅक्टरीत बेअरिंग कोरडं पडलं तर मी दुसऱ्या शेडमधून आवाजावरून ओळखायचो. सगळे म्हणायचे, गावंडेचा कान मोठा तेज. आणि घरात एकवीस वर्षं एक बाई तसंच घासत होती, आणि मला ऐकू आलं नाही.

बाईंनी विचारलं, "आप ठीक हैं?" मी म्हटलं, "इसकी माँ को भी था." हे मी पहिल्यांदा कोणापुढं बोललो.

शिवनीचे लोक परवा आले होते. तू नको म्हणाली होतीस, पण विनताच म्हणाली, "येऊ द्या बाबा, फक्त लपवायचं नाही." मुलगा, आईबाप, मामा. पोहे झाले. मी सरळ सांगितलं, मुलीला असा असा आजार आहे, मासिक पाळीचा आहे, ऑपरेशन झालं आहे, मूल व्हायला त्रास होऊ शकते, कदाचित मूल होणार पण नाही. मुलाचा बाप बशी खाली ठेवून म्हणाला, "ये सब आप हमको काहे बता रहे हैं? लेडीज़ की बातें हैं." मी म्हटलं, "भैया, मैंने भी यही समझा था. बहुत महँगा पड़ा."

ते लोक चहाला थांबले नाहीत. आतून हसण्याचा आवाज आला. विनता ओट्याजवळ उभी राहून तोंडावर पदर धरून हसत होती. मीही हसलो. मग तो सगळा चहा आम्ही दोघं प्यालो.

तुझा,
गुणवंत

---

नागपूर
२८ जानेवारी २०१८

ती. भाऊजी,
सा. न.

पत्र वाचून हसू आलं आणि रडूही आलं.

आता मला माझं सांगू द्या. तेराव्याला सगळ्यांसमोर मी म्हणाले होते, "तुमच्या घरात माझ्या बहिणीनं एक दिवस सुखाचा पाहिला नाही." त्या मे महिन्याच्या दुपारी तिनं मला विचारलं होतं, हे काय असेल म्हणून. मी, लॅबमधली शहाणी, तिला म्हणाले, तू मनावर घेतेस. म्हणजे तुम्ही जे म्हणालात तेच मी म्हणाले, फक्त गोड शब्दांत. तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत असू शकत होतं. आठ वर्षं मी तुमच्यावर रागावले, कारण स्वतःवर रागावून जगता येत नव्हतं.

तुम्ही कान उघडलेत, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी. तुम्हाला उगाच मोठेपणा द्यायचा नाही, पण मी तीस वर्षांत एवढं शिकले नव्हते.

विनताला सांगा, गोळी चुकवायची नाही. आणि रोज चालायचं.

तुमची,
कुंदा

---

जबलपूर
११ नोव्हेंबर २०१८

चि. कुंदा हिस आशीर्वाद.

तुझा दिवाळीचा फराळ मिळाला. अनरसे अर्धे मीच खाल्ले, विनताला सांगू नकोस.

तिची परीक्षा निघाली नाही, हे तुला फोनवर कळलंच. अकरा गुणांनी राहिली. मला वाटलं पोरगी खचेल. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबा, सहा-सहा पेनकिलर खाऊन अभ्यास केला आणि अकरा गुणांनी राहिली. बिना पेनकिलर बसून पाहू द्या." पुढल्या वर्षी पुन्हा देणार. तोपर्यंत एका मोठ्या वकीलबाईंच्या हाताखाली कोर्टात जाऊ लागली. काळा कोट घालून सकाळी निघते, तेव्हा बेबीताई दारात येऊन पाहतात. परवा त्यांनी मला हळूच विचारलं, त्यांच्या धाकट्या सुनेचंही असंच दुखते, डॉक्टरीणबाईंचा पत्ता द्याल काय? मी म्हटलं पत्ता काय, मी सोबत येतो. तर त्या लाजल्या. मग म्हणाल्या, चलो, आप ही चलिए.

दुखणं अगदी गेलं असं नाही. गोळी चालू असूनही दोन-तीन महिन्यांत एखादा दिवस येतो. आज तसा होता. रविवार म्हणून मी फाटकाजवळ उभा राहून समोरच्यांशी बोलत होतो, चार-पाच माणसं होती. वरच्या गच्चीतून विनतानं हाक मारली, अगदी मोकळ्या आवाजात, "बाबा, आज दुखून राहिलं. गरम पाण्याची पिशवी आणता काय?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. इंदिरा असती तर जीभ चावून गप्प राहिली असती. मी म्हटलं, "आलो, बेटा." आणि त्या लोकांना म्हटलं, तुम्ही बोला, मला वर जायचं आहे.

पाणी तापेपर्यंत मी ओट्याजवळ उभा होतो. खाली फरशी होती. पाहिली.

पिशवी घेऊन वर गेलो. आता ती झोपली आहे, चेहरा शांत आहे, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. डिसेंबरात तू ये. यावेळी आजारपणासाठी नाही, सहजच ये.

तुझा,
गुणवंत